आजारी पडायची चिठ्ठी

“मला काही म्हणजे काही झालेलं नाही! आत्ताच्या आत्ता ॲडमिट करा!”

हे ओरडणाऱ्या माणसाचा दंड माझ्या मांडीएवढा होता, आणि माझी मांडी त्या काळी लहान नव्हती. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात वळकटी, कानावर झेंडूचं फूल, कपाळाला ताजं कुंकू. मागे बायको, तिच्यामागे म्हातारी आई, आणि आईच्या काखेत पितळी डबा. त्या डब्यातल्या सांबाराचा वास बसवनगुडीच्या चौकापर्यंत गेला होता आणि तिथून दोन माणसं वासामागून आत आली होती.

शेषगिरी डॉक्टर खोलीतून धावत आले. “कोण ओरडतंय? काय होतंय याला?”

“काही होत नाही, सार!”

“मग आलास कशाला?”

“माझा नंबर लागलाय! आज शनिवार. उद्या दुसऱ्याचा लागेल. आज घेतलं नाहीत तर माझा नंबर बुडाला, सार! घरादाराचा बुडाला!”

“अरे, नर्सिंग होम आहे हे! सिनेमाचं थिएटर नव्हे!”

डॉक्टर त्याला बाहेरच ढकलणार होते. पण ढकलणार कोण? आमच्या वॉचमनकडे मी पाहिलं, तर तो भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता. शेवटी डॉक्टरांनी त्याला बसवून तपासलं. नाडी घड्याळासारखी, रक्तदाब पुस्तकातल्यासारखा, जीभ वासराची. डॉक्टर “जा घरी” म्हणायला तोंड उघडणार, एवढ्यात त्यांची नजर कोपऱ्यातल्या रिकाम्या खाटेवर गेली. माझीही गेली. खोटं कशाला सांगू?

“छातीत धडधडतं का रे?”

त्यानं छातीवर हात ठेवला, डोळे मिटले, नीट ऐकलं. “धडधडतंय, सार.”

“झोपल्यावर?”

“झोपल्यावर मला कळत नाही, सार.”

“म्हणजे शुद्धही जाते,” डॉक्टर मला म्हणाले. “घ्या याला.”

तर असा आमचा नंजप्पा खाटेवर चढला. ती खाट त्याच्या वजनानं जी वाकली ती शेवटपर्यंत सरळ झाली नाही. पण त्याच्यापायी मला पुढे जो धक्का बसला, तो समजायचा तर आधी थोडं मागचं सांगायला हवं.

मी सुभानराव. बसवनगुडीत मला सगळे सुभाण्णा म्हणत. आमचं घराणं कधीकाळी घोड्यावर बसून बंगळुरात आलं, इथे घोडा विकला आणि परत जायची वाट विसरलं. घरात मराठी, दारात कानडी, आणि बायकोशी भांडताना दोन्ही, कारण एकात शब्द पुरत नाहीत. शेषगिरी डॉक्टरांच्या नर्सिंग होमचा मी मॅनेजर. मॅनेजर असं दारावर लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात खाटा सरकवणं, रक्ताच्या बाटलीसाठी रिक्षा पळवणं, रडणाऱ्या नातेवाइकांना हसवणं, आणि कॅन्टीनवाल्यानं इडली शिळी दिली तर त्याच्या सात पिढ्या उद्धरणं, ही सगळी मॅनेजरी.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या खाटा निम्म्या रिकाम्या असायच्या. आजारी माणसं कमी होती म्हणून नव्हे. पेशंट आमच्याकडे यायचा तो सगळ्यात शेवटी. आधी घरचा काढा, मग औषधाच्या दुकानदाराच्या गोळ्या, मग गल्लीतला इंजेक्शनवाला, मग देवीला नवस. आणि देवीनंही हात टेकले की आम्ही. एकदा एक गृहस्थ इतके उशिरा आले की त्यांच्यासोबत पुढच्या विधीचे भटजीही आले होते. आम्ही त्या गृहस्थांना वाचवलं. भटजी फार नाराज होऊन गेले.

मग आला विमा.

आनेकलच्या वाटेवर पंप बनवणारा एक कारखाना होता. त्या मालकानं कामगारांचा आजारपणाचा विमा उतरवला आणि आमच्याशी ठरवून टाकलं. घरटी एक कार्ड. त्यावर कामगार, त्याची बायको, मुलं, आईवडील सगळे. कार्ड दाखवायचं आणि बरं होऊन घरी जायचं. बाकीचं कंपनी आणि आम्ही बघून घेऊ. फक्त त्यात एक मेख होती, ती बाहेरच्या लोकांना ठाऊक नसते. विमा आजाराला मिळत नसे, खाटेला मिळत असे. पुरता एक दिवस आणि एक रात्र तुम्ही खाटेवर आडवे झालात तर विमा लागू. खोकला दाखवला, औषध घेतलं आणि चालते झालात, तर कार्ड म्हणजे नुसता पुठ्ठा. त्यामुळे दोन गोळ्यांनी बरा होणारा माणूसही आमच्याकडे अंथरूण घेऊन येई.

“बघा आता, सुभाण्णा,” शेषगिरी डॉक्टर म्हणाले. “फुकट म्हटलं की शिंक आली तरी येतील.”

आले. बसच्या बस भरून आले. मी गेटवर उभा राहून पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, आली सोंगं! सोंगं ओळखण्यात मी वाकबगार. मी स्वतः शाळेत पोटदुखीवर दोन इयत्ता काढल्या आहेत.

पहिला मुनियप्पा. लेथवर उभं राहून काम करणारा. धोतर सोडलं तर जांघेत शहाळ्याएवढा हर्निया, आणि तो वर दाबून सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं करकचून बांधलेला. डॉक्टरांनी विचारलं, “हे कधीपासून?”

“थोरल्या मुलीच्या लग्नाआधीपासून.”

“मुलगी केवढी आहे?”

“तिची मुलगी यंदा दहावीला बसलीय.”

मग एक आजी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकून पार दगड झालेले. डोळ्यांचे डॉक्टर बोलावून ऑपरेशन केलं. पट्टी सोडल्यावर आजी सुनेकडे टक लावून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “ही म्हातारी कोण?” त्यांनी सुनेला शेवटचं पाहिलं तेव्हा ती नवी नवरी होती.

मग एक बाई. तिचं मी काही सांगणार नाही. डॉक्टरांच्या पत्नी वसुधाबाई आमच्याकडे बायकांची ऑपरेशनं करत. त्या तपासून बाहेर आल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. एवढंच म्हणाल्या, “सुभानराव, ही बाई अशा अंगानं रोज विटा वाहत होती.” त्यानंतर गेटवर उभं राहून सोंगं ओळखायचा माझा धंदा मी बंद केला.

ही सगळी दुखणी जुनी होती. ढेकणांची खाट उन्हात टाकली की फटीफटीतून जसे ढेकूण बाहेर येतात, तशी ती बाहेर येत होती. माणसं इतकी वर्षं हे अंगावर घेऊन बस पकडत होती, लग्नात नाचत होती, माझ्यासमोरून जात होती! माझी तर झोप उडाली. रस्त्यातून चालताना समोरच्याच्या लुंगीकडे संशयानं पाहायला लागलो.

अर्थात बाकीचेही आले. एक बाई नुसती झोपायला आली. मोठं घर, पाच मुलं, सासूसासरे, आल्या आल्या म्हणाली, “मला काही नको, फक्त कोणी हाक मारू नका.” दिवसभर, रात्रभर झोपली, कूससुद्धा बदलली नाही. वसुधाबाई तिच्या कागदावर काय लिहावं म्हणून बराच वेळ पेन धरून उभ्या होत्या. आणि आम्ही काय धुतल्या तांदळासारखे होतो? ज्या अपेंडिक्सला पूर्वी आमचे डॉक्टर “बघू” म्हणत, त्याला आता “काढू” म्हणू लागले. जिन्याखाली खाट आली, व्हरांड्यात खाट आली. माझी खुर्ची हलवून तिथेही खाट घातली, तेव्हा मात्र मी संप पुकारला.

अशी जत्रा ऐन रंगात असताना एका आठवड्यात सगळं थंड झालं. नळ बंद करावा तसं. व्हरांडा रिकामा, जिना रिकामा. डॉक्टर दारात उभे राहून आनेकलच्या दिशेनं बघायचे, जणू जावई यायचा आहे. आणि मग येऊ लागली ती एकेकटी माणसं. आठवड्याला एक. सगळी ठणठणीत. कुणी नारळ घेऊन, कुणी हार घालून. दुखतंय काय विचारलं की लाजायची. नंजप्पा हा त्यांतला सगळ्यात मोठ्या आवाजाचा.

संध्याकाळी मी त्याच्या खाटेशी गेलो. तो मांडी घालून जेवत होता. शेजारच्या दोन पेशंटांनाही त्यानं भात वाढला होता.

“नंजप्पा, हा नंबर काय भानगड आहे?”

“चीटी, सुभाण्णा!”

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो: चीटी म्हणजे आपली भिशी. बंगळुरात माणूस जन्मला की आधी त्याचं नाव चीटीत घालतात, मग पाळण्यात. सोन्याची चीटी, भांड्यांची चीटी, साड्यांची चीटी. पण आजारपणाची चीटी मी बापजन्मी ऐकली नव्हती.

झालं होतं असं. आमच्याकडे गर्दी उसळल्यावर कारखान्याचा एक टायवाला साहेब कॅन्टीनमध्ये स्टुलावर चढला आणि म्हणाला, “हा विमा म्हणजे सगळ्यांचा मिळून एकच हंडा आहे. सगळ्यांनी एकदम पळी घातली तर हंडा रिकामा होईल. मग पुढच्या वर्षी कोणालाच काही नाही.” एवढं बोलून साहेब स्टुलावरून उतरला आणि गाडीत बसून गेला. मागे उरलेली माणसं विचारात पडली. हंडा एक, खाणारी तोंडं शंभर. मग न्याय कसा करायचा? त्यांना न्यायाची एकच रीत ठाऊक होती. दर रविवारी पिंपळाच्या कट्ट्यावर जमायचं, तांब्यात सगळ्या घरांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकायच्या, एक काढायची. ज्याचं नाव निघेल त्या घरानं त्या आठवड्यात दवाखान्यात जायचं.

“आणि त्या घरात कोणी आजारी नसलं तर?”

“तरी जायचं! निघालेला नंबर फुकट घालवायला मी काय वेडा आहे?”

“अरे, आणि जो आजारी आहे पण नंबर नाही, तो?”

“तो थांबतो,” नंजप्पा लोणचं चोखत म्हणाला. “सगळ्यांचा हंडा आहे ना.”

“मशीनमध्ये हात गेला तर?”

“अय्यो, तो अपघात. त्याला चिठ्ठी नाही. पण पोट दुखणं म्हणजे काय अपघात आहे?”

मी असा ओरडलो की शेजारच्या पेशंटची सलाईनची बाटली हलली आणि वरच्या मजल्यावर एक बाई बाळंत झाली. (ती होणारच होती, पण आवाजाची मदत झाली असं नर्सही म्हणाली.) “नंजप्पा! खरंखुरं दुखणं घेऊन कोण थांबलंय सध्या?”

तो विचार करू लागला. बोटांवर नावं मोजायला लागला तसा माझा धीर सुटू लागला. “हनुमंतय्याची बायको. खोकते. मग तो वेल्डर, त्याचा कान. आणि गौराक्का.”

“गौराक्काला काय झालंय?”

“काही नाही, गॅस.” त्यानं हातातला घास खाली ठेवला आणि दोन्ही हात पोटापुढे धरले. बरेच पुढे धरले. “एवढा. आडवं होता येत नाही तिला. भिंतीला टेकून बसून झोपते.”

गौराक्का कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाक करायची. आमच्यातलीच, जुन्या मराठी घरातली; नवरा गेलेला, मूलबाळ नाही, कार्डावर नाव एकटीचं. तिची कीर्ती एकच: तिची पळी. फोरमन असो की झाडूवाला, सांबार सगळ्यांना सारखं. त्यातला मुळा एकाला जास्त गेला असं आजवर झालं नव्हतं. म्हणूनच आजारपणाच्या चिठ्ठ्या तिच्या हाती दिल्या होत्या. पूर्वी त्यांची भांड्यांची चीटी एक सुपरवायझर चालवायचा. त्या तांब्यातून दर वेळी पहिली चिठ्ठी नेमकी सुपरवायझरचीच निघायची, दुसरी त्याच्या मेहुण्याची, आणि शेवटी तो चीटीसकट पसार झाला. त्यामुळे चिठ्ठी काढणाऱ्याच्या बोटांकडे ही माणसं ससाण्यासारखी बघायची.

“चिठ्ठ्या लिहिते ती, काढते ती, वाचते ती,” नंजप्पा अभिमानानं म्हणाला. “आणि बघा नशीब, तिचीच निघत नाही! इतका साफ हात!” मग त्याचा चेहरा एकदम पडला. “सुभाण्णा, माझा नंबर तिला देऊ या की! पण मी तर झोपलो खाटेवर. उष्टा झाला.”

मी वसुधाबाईंना सांगितलं. नंजप्पानं हात जेवढे पुढे धरले होते तेवढे धरून दाखवले. त्यांनी गॅसवर विश्वास ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी रविवार; सकाळी नंजप्पाचा दिवस-रात्र पुरा झाला तसे आम्ही तिघं आमच्या मेटाडोरमधून निघालो. ती मेटाडोर म्हणजे अशी की खड्डा यायच्या आधीच उडायची.

पिंपळाच्या कट्ट्याभोवती सगळा कारखाना जमलेला. मध्यभागी गौराक्का. पन्नाशीची, काटकुळी बाई. हात काड्यांसारखे, गालफडं बसलेली, आणि पदराआड पोट मात्र नऊ महिने भरलेल्या बाईला लाजवील असं. तिनं वसुधाबाईंना पाहिलं, मला पाहिलं, आणि काय ते समजली.

“गॅस आहे, अक्का,” ती वसुधाबाईंना म्हणाली.

वसुधाबाईंनी तिला बाजूला नेऊन पदरावरूनच पोटावर हात ठेवला. परत आल्या तेव्हा माझ्या कानाशी पुटपुटल्या, “गाठ आहे. मोठी. आत तिला पीळ पडला तर संध्याकाळ दिसायची नाही. हिला आजच न्यायला हवं.”

मी मोठ्यानं म्हणालो, “चला गौराक्का, गाडी आणलीय.”

“माझी चिठ्ठी निघाली की येते.”

“अहो, कार्ड तुमच्या पदराला बांधलेलं आहे!”

“कार्ड सगळ्यांच्याच पदराला आहे.” ती हळू बोलायची, ऐकायला माणसं पुढे झुकायची. “आज मी नियम मोडला की उद्या कोणीही मोडेल.”

नंजप्पा गरजला, “मोडू दे!” कोणी म्हणालं, जाऊ द्या की तिला. पण हनुमंतय्या, पांढऱ्या मिशांचा म्हातारा टर्नर, पुढे आला. “माझी बायको पावसाळ्यापासून खोकतेय, ती पण थांबलीय. अक्काला एक नियम आणि तिला एक?”

तेव्हा माझं सुपीक टाळकं जागं झालं. “सरी, बरं तर!” मी म्हणालो. “नियमानंच होऊ दे. फक्त आजच्या चिठ्ठ्या मी लिहितो. पाहुण्याचा मान म्हणून. काढायच्या मात्र अक्कानंच.”

लोकांना मान दिला की लोक मानतात. मी कट्ट्याच्या मागे बसलो, टोपी मांडीवर घेतली, आणि टोपीआड कानडीत सुबक अक्षरात प्रत्येक चिठ्ठीवर एकच नाव लिहिलं, अक्काचं कार्डावरचं: गौरम्मा. गौरम्मा. गौरम्मा. लिहिता लिहिता मला माझंच कौतुक वाटत होतं. देवालाही आता दुसरं नाव काढायची सोय ठेवली नव्हती मी! चिठ्ठ्या गुंडाळल्या, तांब्यात टाकल्या, तांब्या खळखळून हलवला, आणि अक्कापुढे असा धरला जसा काही तीर्थच वाटतोय.

गौराक्कानं डोळे मिटून हात घातला. एक चिठ्ठी काढली. उलगडली. जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग मान वर करून, स्वच्छ आवाजात तिनं वाचलं:

“हनुमंतय्या.”

मंडळी, मी वाघ पाहिलाय. बन्नेरघट्ट्याला, गजांच्या आतला का होईना. पण अंगातलं रक्त जागच्या जागी गोठणं म्हणजे काय ते मला त्या कट्ट्यावर कळलं. त्या तांब्यात हनुमंतय्या नव्हताच! औषधालासुद्धा नव्हता! हनुमंतय्या मिशीला पीळ देतोय, लोक टाळ्या वाजवताहेत, आणि त्या सगळ्या जमावात बाई खोटं बोलतेय हे एकट्या मला ठाऊक. आणि मी ते बोलणार कसा? “चिठ्ठीवर हे नाव असूच शकत नाही” म्हटलं की पुढचा प्रश्न, “तुम्हाला कसं ठाऊक, सुभाण्णा?” आयुष्यभर थापा मारलेला माणूस मी, पण माझी थाप दुसऱ्याच्या थापेनं अशी गळा धरून अडवलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो.

“अक्का,” मी घसा साफ केला, “तुम्हाला चष्मा लागलाय. बघू ती चिठ्ठी.”

तिनं मूठ मिटली. “नीट दिसतंय मला.”

“बघू तरी.”

“वाचलं मी.”

तिच्या डोळ्यांत मी पाहिलं, तिनं माझ्या. तिला कळलं की मला कळलंय. आणि तरी मूठ सुटेना. काडीसारखी बोटं, पण पान्यानं आवळल्यासारखी. आम्ही दोघं असे समोरासमोर उभे, आणि तेवढ्यात ती एकदम वाकली. आवाज नाही, काही नाही. नुसती कमरेत घडी पडावी तशी वाकली आणि कट्ट्यावर बसली. तोंड राखेसारखं झालं. वसुधाबाई धावल्या. “पीळ बसला! उचला हिला!”

मूठ उघडली. चिठ्ठी खाली पडली. ती उचलली हनुमंतय्यानं. शेवटी नंबर त्याचा होता ना! त्यानं ती डोळ्यांपासून लांब धरली, मग जवळ धरली.

“अक्का,” तो म्हणाला. “अक्का, हे तर तुझं नाव आहे.”

एवढी सगळी माणसं, रोज तिच्या हातचं जेवलेली. कोणी कोणाकडे बघेना. मग हनुमंतय्याचा हात तांब्याकडे वळला; बाकीच्या चिठ्ठ्या बघाव्या असं त्याच्या मनात आलं असणार. तेव्हा मी काय केलं? तांब्या उचलला, तोंडाला लावला आणि सगळ्या चिठ्ठ्या घशात ओतल्या. “उन्हानं तहान लागली,” म्हणालो. कागद चावायला ज्वारीच्या शिळ्या भाकरीपेक्षा चिवट लागतो. आनेकलपासून बसवनगुडीपर्यंत मी गौरम्मा चघळत होतो.

नंजप्पानं तिला पोराला उचलावं तशी उचलली आणि गाडीत ठेवली. पुऱ्या रस्त्यात तो एकच वाक्य बोलत होता, “अक्का, गॅस नाही, अक्का, गॅस नाही.” हनुमंतय्या बायकोला घेऊन मागच्या बाकावर चढून बसला होता, ते आम्हाला नर्सिंग होमला पोचल्यावर कळलं. ती खोकली म्हणून.

ऑपरेशन लांबलं. आमच्या शेषगिरी डॉक्टरांनी भूल दिली, वसुधाबाईंनी पोट उघडलं. त्यांनी बाहेर काढलेली गाठ ट्रेमध्ये मावली नाही. नर्सनं प्लॅस्टिकची बादली आणली. आता मी गोष्ट फुगवून सांगतो असं माझी सख्खी बहीणही म्हणते. लिंबाचं कलिंगड करणं हा माझा जन्माचा धंदा. पण ही एक गोष्ट अशी आहे की ती सांगताना मला कमी करून सांगावी लागते, नाहीतर कोणी विश्वास ठेवत नाही. म्हणून कलिंगड म्हणतो. ते काळंनिळं पडलेलं होतं, देठाला पीळ बसलेला. अजून थोडं थांबलो असतो तर सगळं आत फुटलं असतं. गाठ साधी निघाली, विषारी नव्हती. “काही महिन्यांपूर्वी आली असती,” वसुधाबाई हात धूत म्हणाल्या, “तर जेवायच्या आधी ऑपरेशन आणि चौथ्या दिवशी घरी.” मग त्यांनी नळ बंद केला आणि नवऱ्याकडे बघितलं. “काल त्या खाटेवर कोणाला झोपवलं होतं तुम्ही?”

शेषगिरी डॉक्टरांनी चष्मा पुसायला घेतला. तो ते दुपारभर पुसत राहिले.

पुढे त्या कट्ट्यावर बराच वाद झाला म्हणतात. चीटी मोडली. टायवाल्या साहेबाला लोकांनी पुन्हा स्टुलावर चढवलं आणि हंडा नेमका केवढा आहे ते विचारलं. त्यालाही ठाऊक नव्हतं. मग पुन्हा गर्दी आमच्या दाराशी आली, त्यांत खरी आली, खोटी आली, आणि झोपायला आलेल्या बाईच्या दोन जावाही आल्या. हनुमंतय्याच्या बायकोला क्षय निघाला. ती बरी झाली, पण एक फुप्फुस कायमचं अधू राहिलं. लोक मला विचारतात, “सुभाण्णा, विमा आला की लोक उगीचच दवाखान्यात जातात ना?” मी म्हणतो, “जातात ना. मी नंजप्पा पाहिलाय.” आणि मग त्यांना गौराक्काची गोष्ट सांगतो.

तिचे टाके काढायच्या आदल्या दिवशी मी तिच्या खाटेशी गेलो. ती उशीला टेकून गंजी, म्हणजे आपली भाताची पेज, पीत होती. पोट सपाट झाल्यावर बाई एवढीशी दिसत होती की चादरीखाली शोधावी लागली. मला गिळलेल्या कागदाचा हिशेब अजून चुकता करायचा होता, म्हणून खुर्ची ओढून बसलो आणि माझी करामत तिला सांगितली: सगळ्या चिठ्ठ्यांवर तिचंच नाव कसं होतं, ते कसं सुचलं, शेवटी कशा खाल्ल्या. मला वाटलं, हसेल. निदान हात तरी जोडेल.

“वाटलंच होतं,” ती म्हणाली. “टोपीआड कोण लिहितं चिठ्ठ्या?”

“मग तुम्ही खोटं का वाचलंत?”

ती गंजी पीत राहिली.

“अक्का, खोटं वाचलंत ते पहिल्यांदाच ना?”

“नाही.”

“म्हणजे याआधीही तुमची निघाली होती?”

“दोनदा.”

“शेवटची कधी?”

“त्याच्या आधल्या रविवारी.”

मी खुर्चीवरून उठलो. तो आधला रविवार! त्याच रविवारी नंजप्पाचा नंबर लागला. नारळ, झेंडू, सांबार, आणि छातीत धडधड! ती खाट हिची होती, तो आठवडा हिचा होता, आणि आम्ही तिथे एक धडधाकट रेडा निजवून त्याचा रक्तदाब मोजत बसलो होतो! “अहो गौराक्का!” मी एवढ्यानं ओरडलो की नर्स धावत आली. “जीव जात होता तुमचा! आणि साऱ्या कारखान्यात नाव घ्यायला तुम्हाला तो नंजप्पाच सापडला? का? नंजप्पाच का?”

तिनं वाटी खाली ठेवली, पदरानं तोंड पुसलं.

“समोर तोच उभा होता.”